अमोलने सोडलेली लाल मासोळी

६ मे, बुधवार
सकाळी अमोलचा फोन. कॅनडात हौशी लोकांना मासे धरायला समुद्रात नेणाऱ्या बोटीवर लागून पोराला दोन महिने होत नाहीत, तर कप्तान म्हणतो, पुढच्या आठवड्यात उतर. गुन्हा काय? गिऱ्हाइकाच्या गळाला मोठी लालभडक मासोळी लागली, पोट टम्म. यानं ती झटकन पाण्यात सोडली. गिऱ्हाइकाचा फोटो राहिला!
कटंगीच्या तलावावर जेठात आम्ही हेच करतो. पोटुशी मादी आली की कुंकू लावून परत पाण्यात. मीच शिकवलं त्याला.
"कुंकू कुठून आणलं रे?"
"मासोळी आधीच लाल होती, माय."
हे म्हणतात, "तू काहून तापून राह्यली?" तापू नको तर काय आरती करू कप्तानाची?

८ मे
अमोलने त्या मासोळीचा फोटो पाठवला, सोडल्यावर बोटीवरून काढलेला. डोळे बाहेर आलेले. जेवण गेलं नाही. अ. म्हणतो, ती राहते शेकडो हात खोल. वर ओढली की पोटातली हवेची पिशवी फुगते, मग सोडली तरी खाली जाता येत नाही.
"उलटी तरंगत राह्यली, माय. पाखरं आली टोचाले."
आमचा तलाव दोन पुरुष खोल. तिथलं शहाणपण मी समुद्रावर पाठवलं. माझाच राग येतो.

१० मे
आज अजून कळलं. शंभर वर्षांच्या वर जगते ही. वय मोजतात कानातल्या खड्यावरून, झाडाच्या खोडात असतात तशी वर्षावर्षाची कडी असतात त्यात. वयात यायलाच वीसेक वर्षं. अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं सोडते, आणि मादी जितकी थोराड तितकी जास्त.
म्हणजे माझ्या आजीच्या वयाची बाई असेल ती. हिला धरायला बंदी आहे, तरी कप्तान म्हणतो, "चुकून लागली." रोज चुकून?

१३ मे
कहर! मासोळीला परत तळाशी नेऊन सोडणारा, वजन बांधलेला लोखंडी आकडा असतो. बोटीवर ठेवायचा कायदा आहे. ठेवलाय. खोक्यात, दोऱ्यांच्या खाली.
अ.ने मागितला तर, "गिऱ्हाईक खोळंबतं."
"पुन्हा मांग," मी म्हणाले.
"राह्यलेलं काम बी जाईन, माय."
ह्यांनी फोन ओढून घेतला. "काही मांगू नको. गपचूप काम कर."
ह्यांचं ताट आपटून वाढलं.

१५ मे
कप्तानाने आणखी एक फेरी दिली आहे. पुन्हा काही केलं तर कायमचा घरी. निघण्याआधी अ.चा फोन.
"माय, अशीच पोटुशी आली तं आकडा काढू का? तू सांग, तसंच करतो."
नऊ दिवस या घरात मी भांडी आपटली. कप्तानाला, कायद्याला, ह्यांना, सगळ्यांना बोलले. आणि पोरानं विचारलं तेव्हा तोंडातून निघालं, "तुले जसं वाटते तसं कर."
तो "हौ" म्हणाला.
लाज वाटते मला. लगेच फोन लावला, "काढ" म्हणून सांगायला. लागला नाही. बोट लांबच्या फेरीला निघाली होती, आता आठ दिवस फोन लागणार नाही.