गुलाबी पास्ता

शनिवार, ऑक्टोबरअखेर. अकोला.

लेकीच्या, मिनूच्या हट्टापायी आज हॅलोविनचं, भुतांचं जेवण केलं. दाराला पांढऱ्या चादरीचं भूत टांगलं, उकडलेल्या अंड्यांना मनुकांचे डोळे लावले. टोमॅटोच्या रसात साय घातल्यावर पास्ता छान गुलाबी झाला. अंजनगावहून धाकटे दीर दिनकरभाऊजी आणि त्यांची बायको वंदा मुद्दाम आले. यांना मात्र धारणीच्या नोकरीतून सुटी मिळाली नाही. आजही नाहीच.

मिनूनं पास्त्याचं ताट पुढे केलं. "काका, ह्या अळ्या आहेत! खा!"

भाऊजींचा हात थांबला. मागच्याच आठवड्यात फोनवर सांगत होते, की कपाशीचं जे बोंड फोडावं त्यात गुलाबी अळी. मी कशी विसरले? पास्ता गुलाबीच का केला मी?

"काहून थांबले?" वंदानं हळूच विचारलं.

"काई नाई. दिवसभर हेच पाहून राहिलो ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "भाऊजी, पोळी-भाजी वाढते."

"राहू द्या वहिनी. पोरीनं हौसेनं वाढलं." त्यांनी मोठा घास घेतला. "त्याईनं आमचा कापूस खाल्ला, आता मी त्याईले खातो!"

मिनू टाळ्या पिटायला लागली. वंदा हसता हसता रडायलाच लागली. भाऊजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला तिथं उभं राहवेना.

ते गेल्यावर ओट्याशी उभ्यानंच उरलेला पास्ता खाल्ला. चांगला झाला होता. पण हे सांगू कुणाला? हे तर तिकडे धारणीला.