शेंदराखालचा राजा

१ मार्च १९८५, शुक्र.
प्रबंधाचं चौथं प्रकरण संपवलं. यादव आणि होयसळांच्या कात्रीत सापडलेली माझी दहा गावं जगात माझ्याइतकी कुणालाच माहीत नाहीत. नम्रपणा गेला खड्ड्यात. मुख्य पुरावा आमच्याच गावचा वीरगळ: गुरं राखताना मेलेल्या गड्याचा दगड. लेखात राजाच्या नावाच्या जागी काहीच नाही. म्हणजे राज्य बदललं तेव्हा गावानं नाव छिन्नीनं उडवलं! गाइड खूश. १९ एप्रिलला व्हायवा. पास होणारच.

३ मार्च, रवि.
शुगर लँडला काकूंकडे जेवायला. आईची मैत्रीण, त्यामुळे वाढणं थांबत नाही. जेवणानंतर अप्पांनी गावाहून पाठवलेला लेखाचा ठसा टेबलावर पसरला. मिरवायलाच, दुसरं काय. काकूंच्या मिनीला समजावलं: ओला कागद दगडावर ठोकायचा, वरून शाई, अक्षरं पांढरी, बाकी काळं. मिनी इथं परदेशातच जन्मलेली. म्हणाली, "सो, हू वन?" दोन राजांत जिंकलं कोण, एवढंच तिला हवं.
काकू चष्मा लावून नावाच्या कोऱ्या जागेवर वाकल्या. "अगं, हे छिन्नीचं नाही. छिन्नी मारली तर खडबडीत दिसेल ना? हे बघ कसं प्लेन आहे. शेंदूर आहे हा. आमच्या मारुतीला पुटांनी नाक उरलं नव्हतं."
"काकू, मी सहा वर्षं हेच करतेय."
"आणि मी चाळीस वर्षं देव घासतेय."
परत येताना काका ड्राइव्ह करत होते. त्यांच्याशी धड बोललेही नाही.

४ मार्च
भिंग घेऊन पाहिलं. काकू बरोबर. लाज याची की त्या दगडाला लहानपणी दर यात्रेत मीच तेल-शेंदूर लावलाय. तिथं तो देव, इथं तो पुरावा. दोन्ही एकच, हे डोक्यातच आलं नाही!
अप्पांना पत्र टाकलं. शेंदूर खरवडता येईल? खाली नाव निघालं तर चौथं प्रकरण गेलं. छिन्नीचे घाव निघाले तर मी जिंकले.

११ मार्च
गाइडना अजून सांगितलं नाही. भिते म्हणून नाही, उत्तर येऊ दे म्हणून.
बरं, भिते म्हणून.

१५ एप्रिल, सोम.
अप्पांचं पत्र. शेंदूरच, बोटभर जाड. पण देवाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असं गावानं ठरवलं. गुरवानं दगडाला दोन्ही अंगांनी फुलं चिकटवून कौल लावला. उजवं पडलं तर खरवडा, डावं पडलं तर नाही.
"दुपारपर्यंत बसलो. एकही फूल पडलं नाही. वैशाखात पुन्हा लावू."
आधी चरफडले. मग एकटीच हसत सुटले. दोन राजांना झुलवलेलं गाव, मला बरं सोडेल!

१८ एप्रिल, गुरु.
सगळं गाइडना सांगितलं. त्यांनी डोकं धरलं. मग म्हणाले, उद्या पहिला प्रश्न यावरच येणार. येऊ दे. छिन्नीचं वाक्य खोडून लिहिलं: 'इथं शेंदूर आहे. खाली काय आहे ते माहीत नाही.' सहा वर्षांतलं हे एक वाक्य बिनचूक. बाकीची नऊ गावं तोंडपाठ आहेतच. साडी इस्त्री केली.
आत्ता मिनीचा फोन, गुड लक द्यायला. पुन्हा तेच, "सो, हू वन?"
म्हटलं, अजून फूल पडायचंय.