‘गरीब’ची अकरा कार्डं

बुधवार, ११ मार्च

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. माझी दाढ एकदाची काढली, गालाची सूजही उतरली.

तुझं पत्र आठ दिवस टेबलावर पडून आहे. भावोजी घरी बोलत नाहीत, डबा अर्धा परत आणतात. ‘ऑफिसात कोणी आहे का गं? तू समोरच्याच टेबलावर बसतेस, खरं सांग,’ असं विचारलंस. कोणी नाही. एवढं लगेच कळवता आलं असतं, पण पुढचं लिहायला हात धजत नव्हता.

आमच्या शब्दकोशात ‘गरीब’ हा शब्द भावोजींकडे होता. आपण पैसा नसलेल्याला गरीब म्हणतो आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्यालाही. पण मूळ शब्द अरबी, आणि तिथे त्याचा अर्थ परका. फारसीत घरापासून लांब पडलेला. तुर्कीत विचित्र, किंवा ज्याला कोणी नाही असा. एकेका अर्थाचं आणि दाखल्याचं एकेक कार्ड, अशी अकरा कार्डं त्यांनी दोन महिने खपून केली.

गेल्या महिन्यात मी ‘ग’चा खण उघडला तर कार्डं गायब. मनात पाल चुकचुकली. दुसरे प्रकाशकही कोश काढताहेत असं कानावर होतं. भावोजी दुपारी पिशवी घेऊन कुठे जातात, मी जवळ गेले की कागद का झाकतात, सगळं डोळ्यांत तेल घालून पाहू लागले. आणि खरं सांगू? तुझ्या लग्नाला वीस वर्षं झाली, तरी मी त्यांना आपलं मानलंच नव्हतं. ना आईबाप, ना नातंगोतं, असा माणूस तू कुठून शोधून आणलास, हे माझ्या मनातून कधी गेलं नाही.

भावोजींनी कार्डं दुसऱ्या प्रकाशकाला दिली असावीत, अशी मी संपादकांकडे तक्रार केली. त्यांनी भावोजींना बोलावलं.

“कार्डं कुठे आहेत?”

“खणात आहेत.”

मी ‘ग’चा खण ओढून ‘गरीब’ची रिकामी जागा दाखवली. भावोजी माझ्याकडे वळले. “तुलाही तसंच वाटतं?”

मी खण ढकलून बंद केला. त्यांनी पिशवी उचलली आणि निघून गेले. याला तीन आठवडे झाले, ताई. रोज सकाळी डबा घेऊन ते निघतात, ते ऑफिसला नाही.

काल दुसऱ्या एका शब्दाचं कार्ड शोधताना ती कार्डं सापडली. मूळ पक्कं होईपर्यंत उसन्या शब्दाची कार्डं त्या भाषेच्या खणात ठेवायची, हा आमचा जुना नियम. नवख्यांना तो मीच शिकवते. अकराच्या अकरा अरबीच्या खणात, दोऱ्याने बांधलेली. काखेत कळसा अन् गावाला वळसा! पण खरं म्हणजे तो खण मी इतके दिवस उघडलाच नव्हता, कारण ती सापडायला मला नकोच होती.

संपादकांना लगेच सांगितलं. ते म्हणाले, “बोलवा त्यांना. पण बोलवायला तुम्हीच जायचं.”

भावोजी वाचनालयात भेटले; दुपारी पिशवी घेऊन ते जायचे ते इथेच. समोर कोरी कार्डं होती, पुढच्या शब्दाची.

“सापडली ना? बरं झालं,” ते म्हणाले. “तुझ्या ताईला मात्र सांगू नकोस. तुझ्याशी बोलणं टाकेल ती.”

तीन आठवडे ते यासाठी गप्प होते. आणि तू त्यांच्यावर संशय घेत होतीस, तोही माझ्यामुळेच.

हे पत्र मिळेल त्या दिवशी त्यांना काही विचारू नकोस, फक्त ‘मला कळलंय’ एवढंच म्हण. शनिवारी मी येते. तुझ्यासमोर त्यांची माफी मागेन. दारातून परत पाठवलंस तरी जाईन, पण आता माझ्यासाठी त्यांना आणखी गप्प बसू देऊ नकोस.

तुझी, आणि त्यांनी म्हटलं तर त्यांचीही,
धाकटी