एका ओळीत चार शब्द

मंगळवार संध्याकाळ, मदन महल

ई-बुक विकतच घेतलेलं, पण कुलूप असं की फक्त माझ्या फोनवर उघडायचं. आज ते कुलूप काढून बाबांच्या टॅबलेटवर घेतलं. बरोबर केलं का, कोण जाणे. मी अक्षरं मोठी करत गेले. ओळीत चारच शब्द उरले तेव्हा बाबा म्हणाले, "बस." मग बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागले. चार शब्द, पुढच्या ओळीत परत चार. चहा आणला तर म्हणाले, "ठेव तिथं, मी वाचून राहिलो."

दोन वर्षं वाटत होतं, बाबांचं वाचनावरून मन उडालं. विचारलं काहून नाही मी? रोज सकाळी पेपर उघडून बसायचे, पानंही उलटायचे. त्यातलं एकही अक्षर त्यांना दिसत नव्हतं.