एक टीबीचे चार वाटे

२९ नोव्हेंबर, शनिवार

निर्णय झाला. हार्ड डिस्कची रीतसर वाटणी करायची.

अपेक्षाचा मॅकबुक डिस्क वाचतो, पण तिच्यावर काही लिहू देत नाही. ह्यांचा विंडोज लॅपटॉप सगळं करतो, पण चालू व्हायलाच बारा मिनिटं घेतो. हॉलमधला टीव्ही 'डिव्हाइस सापडलं नाही' म्हणतो, तेही डिस्क त्याच्या कुशीत खुपसलेली असताना. यंत्रं तीन, डिस्क एक. रोज कुरबुर.

अपेक्षा म्हणाली, पार्टिशन करावं लागेल मम्मी, प्रत्येकाचा फॉरमॅट वेगळा असतो. पण तू हात लावू नको, माझी परीक्षा झाली की मी करते.

हात लावू नको म्हणे. एमएससीआयटीला एक्क्याऐंशी मार्क आहेत मला. २००४ साली. तेव्हा हिचा जन्मही झाला नव्हता.

मुदत १४ डिसेंबर. मामंजींचं वर्षश्राद्ध. मामंजींचा बोलता-चालता व्हिडिओ एकच आहे, कपाशीत उभे राहून अकरा मिनिटं बोलतायत. मीच काढलेला. एरवी कॅमेरा दिसला की पळायचे. आत्याबाई रोज दुपारी चहाच्या आधी माझा फोन मागून तो बघायच्या. सासूला फोन द्यायचा म्हणजे माझा अर्धा तास जायचा, पण मी कधी बोलले नाही. दिवाळीत फोन भरला म्हणून व्हिडिओ डिस्कवर टाकला, फोनमधून काढला, आणि म्हणाले, आता मोठ्या टीव्हीवर बघा.

आत्याबाईंनी ते मनावर घेतलं. गावी, देवगाव रंगारीला, सगळ्यांना सांगून ठेवलंय, 'चौदा तारखेला या, म्हातारं टीव्हीत येनार हाय.'

मी स्वतः अजून तो पूर्ण पाहिलेला नाही. काढताना हात भरून आला होता, लक्ष बॅटरीकडे होतं. पण जपून ठेवलाय म्हटल्यावर घाई कसली.

३० नोव्हेंबर, रविवार

आराखडा काढला. डिस्क एक टीबीची, दाखवते ९३१. उरलेली जागा बांधात गेली असावी.

वाटणीचा अनुभव घरात आत्याबाईंनाच. मामंजी आणि त्यांचे दोन भाऊ वेगळे निघाले तेव्हा त्या तिथं होत्या. विचारलं, कशी केली होती? त्या म्हणाल्या, 'आधी मोजनी. मग खुंट्या. पहिली निवड धाकल्याची. इहीर सामाईक. आन् उभ्या पिकाला कुनी बोट लावायचं नाय. ज्यानं पेरलं त्यो काढंल.'

किती स्वच्छ पद्धत. ट्यूटोरियलवाल्यांनी ऐकायला हवं. धाकटी अपेक्षा, म्हणून पहिला वाटा मॅकचा. मग विंडोज. मग टीव्ही. चौथा सामाईक, सगळ्यांनी वापरायचा. विहिरीसारखा. वहीत आकृती काढली, रंग भरले. ह्यांनी आकृती बघितली आणि विचारलं, 'रांगोळी का?' वाळूजला कंपनीत मशीनवर काम करणारा माणूस. आकृती कळू नये.

३ डिसेंबर, बुधवार

पडेगावात नेट कधी असतं कधी नसतं, म्हणून ट्यूटोरियल डाउनलोड करून ठेवले. चौदा. दीड बघितला. बाकीच्यांचं सार तेच असणार.

फोन म्हणतो, जागा संपत आली. त्याला तक्रारीची सवयच आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज करणार होते. पण मेथी निवडायची होती. घाईत वाटणी करू नये, भावाभावांत वैर येतं.

संध्याकाळी अपेक्षानं विचारलं, बॅकअप घेतलायस ना? सांगितलं, घेतलाय. खोटं नाही. डिस्क हाच तर बॅकअप आहे. बॅकअपचा बॅकअप म्हणजे छत्रीवर छत्री.

७ डिसेंबर, रविवार. सकाळी ११.१०

अपेक्षा मैत्रिणीकडे अभ्यासाला. हे बाजारात. मॅक रिकामा. डिस्कला हळदकुंकू लावलं नाही, एवढंच. बाकी मनातून नमस्कार केला.

११.१४

'पार्टिशन'चं बटण फिकट, दाबलंच जाईना. त्याच्या शेजारचं 'इरेज' दाबलं जातंय. म्हणजे रस्ता तिकडूनच असणार. नवे बांध घालायचे तर जुने आधी मोडायलाच हवेत.

११.१६

मॅक म्हणाला, सगळं कायमचं जाईल, परत आणता येणार नाही. या अशा नोटिसा माहीत आहेत मला. जमिनीच्या व्यवहाराआधी पेपरात येते तशी, 'कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे'. कोणी कळवत नाही. व्यवहार होतो. पीक उभं असतं तिथंच असतं.

दाबलं.

११.१७

झालं पण. चार सेकंद. गावात मोजणीला तीन दिवस लागले होते.

११.४०

आता पार्टिशनचं बटणही दाबलं गेलं. चार वाटे केले, चारही सुरेख. नावं दिली: अपेक्षा, राजेंद्र, टीव्ही, सामाईक. चारही रिकामे. फाइल्स अजून उतरायच्या असतील.

दुपारी ४

उतरल्या नाहीत. मॅक बंद करून चालू केला. मग डिस्क काढून लावली. मग मी आडवी झाले.

८ डिसेंबर, सोमवार

रात्रीतून विचार केला. फाइल्स विंडोजमध्ये जन्मलेल्या, त्या विंडोजलाच दिसणार. साधी गोष्ट.

हे शिफ्टला गेल्यावर त्यांच्या लॅपटॉपला डिस्क लावली. बारा मिनिटं थांबले. विंडोजनं नम्रपणे सांगितलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. वापरायची तर होतीच. मान दिला.

आता अपेक्षाचा वाटाही गेला. तिथं काही नव्हतंच, म्हणून नुकसान नाही.

टीव्हीला लावून पाहिली. 'डिव्हाइस सापडलं नाही.' निदान त्याचं मत कायम आहे.

आत्याबाईंनी विचारलं, 'जमलं का गं?' म्हटलं, होत आलंय. चहा करून दिला. आलं घालून, जरा गोड.

९ डिसेंबर, मंगळवार

शांतपणे मांडते. अपेक्षाचे बालवाडीपासूनचे फोटो. आमचं लग्न, सीडीवरून उतरवलेलं. मामंजी. एवढंच होतं डिस्कवर. म्हणजे फार नव्हतं.

आत्याबाई फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, 'व्हय, आख्खं म्हातारं, टोपीसकट.' मी स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवली. चहा गोड केला.

१० डिसेंबर, बुधवार

भाजी आणते म्हणून निघाले आणि पैठण गेटला गेले. डेटा परत काढून देणारं दुकान. चष्मेवाले चाचा होते. त्यांनी विचारलं, 'फॉरमॅट एक बार मारे क्या दो बार?' मी म्हटलं, एक बार मॅकने मारा, एक बार विंडोजने. त्यांनी डिस्क हातात घेऊन अशी फिरवली, जसा आमच्या गावात वैद्य नाडी सोडताना रोग्याचा हात फिरवतात.

टीव्हीचंही विचारलं. म्हणाले, 'पुराना टीव्ही है ना, वो सिरफ पहला हिस्सा देखता. पहला किसको दिए?' सांगितलं, सबसे छोटी को. आमच्यात तशी पद्धत आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, 'पद्धत अच्छी है मॅडम. टीव्ही को मालूम नहीं.'

शुक्रवारी बोलावलंय. मला आशा आहे. माणूस चष्मा पुसून बोलत होता.

भाजी आणायची विसरले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दोन हजार तीनशे फाइल्स निघाल्या. नावं नाहीत, नुसते आकडे. पुष्कळ फोटो अर्धे करडे. अपेक्षाच्या गॅदरिंगचा एक आहे, त्यात तिचे पाय. लग्नातला एक, त्यात पंगत. कपाशीचा व्हिडिओ निघाला नाही. चाचांनी दोनदा शोधला. 'बडी फाइल टूट जाती बहन,' म्हणाले. मॅडमवरून बहनवर आले तेव्हाच समजलं.

रिक्षात ठरवलं. आज घरी गेल्या गेल्या सांगायचं.

संध्याकाळी ६

सांगायला गेले. आत्याबाई मामंजींची धुऊन उन्हात वाळवलेली टोपी घडी करत होत्या. फोटोपुढं ठेवायला. मी विचारलं, खिरीत वेलदोडा किती घालू? म्हणाल्या, 'तुला म्हाईत नाय व्हय?'

चहा केला.

१३ डिसेंबर, शनिवार

पर्यायी योजना. उद्या ऐन वेळी म्हणायचं, केबल खराब. केबल निर्जीव, तिला लागणार नाही. पाहुणे दुसऱ्या दिवशी जातील, विषय मागे पडेल. मग आत्याबाईंना हळूहळू, एखाद्या वर्षात, सांगता येईल.

योजना चांगली आहे. झोप नाही.

१४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी

पूजा झाली, जेवणं झाली. देवगावची बावीस माणसं हॉलमध्ये. चुलतसासरे सर्जेराव सगळ्यात पुढं, खुर्ची टीव्हीला चिकटवून. ह्यांनी डिस्क लावली. 'डिव्हाइस सापडलं नाही.' हे म्हणाले, 'केबल गेली वाटतं.'

माझी योजना दुसऱ्याच्या तोंडून आयती आली. मी फक्त मान हलवायची होती.

पण आत्याबाई त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून, हातात टोपी. आणि मी म्हणाले, केबल चांगली आहे. आत्याबाई, व्हिडिओ गेला. माझ्या हातून पुसला. परत येत नाही.

अपेक्षा माझ्याकडे बघत होती, मग तिनं जमिनीकडे बघितलं. ते जास्त लागलं.

आत्याबाई म्हणाल्या, 'सोमवारपासून ठाऊक हाय मला. शुगरच्या बाईला तू दोन-दोन चमचे साखर घालायलीस. माझा मुलगा मेला असता तरी तू एवढी गोड नसती बोलली.' हे म्हणाले, 'आई, मी इथंच आहे.' त्या म्हणाल्या, 'दिसतंय. सरक.'

मग उठल्या. टोपी डोक्यावर घातली, तिरकी, मामंजी घालायचे तशी. हात कमरेवर. आणि सुरू केलं.

अख्खं. शब्दाला शब्द. मोटार कोणी चालू ठेवली, लाइट कोणत्या वेळी येते, बोंडअळी कुठल्या ओळीपासून लागली. मधला खोकला. खोकल्यानंतरची शिवी. दूर कुत्रं भुंकतं तिथं थांबल्या, आणि 'हाड' म्हणाल्या. सर्जेराव हसता हसता खुर्चीतून घसरले, आणि मग उपरण्यानं डोळे पुसत राहिले. दिवाळीपर्यंत रोज दुपारी माझ्या फोनवर बघितलेलं. मला वाटायचं, त्या वेळ घालवतायत.

शेवटी कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, बोट करून म्हणाल्या, 'आन् ही रत्नमाला. लई जपती सगळं. फकस्त बघत नाय कधी. बंद कर आता, हात दुखला आसंल तुझा.'

हे व्हिडिओत होतं. शेवटच्या मिनिटाला. मला माहीत नव्हतं.

हे सगळं मी फोनवर काढत होते. म्हणजे बटण पहिल्याच वाक्याला दाबलं होतं. नंतर बघितलं तर नऊ सेकंद. जागा संपली. फोनमध्ये चौदा ट्यूटोरियल.

१५ डिसेंबर, सोमवार. दुपारी

ट्यूटोरियल काढून टाकले. फोन चार्ज केला. आत्याबाईंना म्हटलं, पुन्हा एकदा करा ना, नीट काढते. म्हणाल्या, 'मी काय टीव्ही हाय व्हय? फोन ठिव तिकडं. बस. ध्यान दिऊन ऐक.'

बसले. त्या तूर निवडत म्हणत गेल्या, मी मागून म्हणत गेले. चुकले की सुपावर टकटक करायच्या, पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या मिनिटाला, मोटारीपाशी, दूध उतू गेलं आणि त्या उठल्या. मग म्हणाल्या, दमले, आता उद्या.

चार मिनिटं पाठ आहेत. उरलेली सात आत्याबाईंकडे. वय अठ्ठ्याहत्तर, शुगर, आणि आठवडाभर मी घातलेली साखर.

बॅकअप नाही.