काही तक्रार नाही

शुक्रवार, १ मार्च

कर्मचारी आरोग्य सप्ताह! वरून फर्मान आलंय – प्रत्येकाने तब्येतीचा फॉर्म भरायचा, शंभर टक्के भरले की ऑफिसला प्रशस्तिपत्र. गोळा करायचं काम अर्थात माझ्या गळ्यात. आवक-जावकच्या बाईला दुसरे उद्योग काय!

वीस प्रश्न. झोप लागते का, छातीत दुखतं का, मनावर ताण आहे का. सही नको, वर कर्मचारी क्रमांक आणि खाली नुसत्या खुणा. एकेचाळीस माणसं, फॉर्म आले पस्तीस. साहेब दर तासाला विचारतात, 'किती झाले?' शेवटी उरलेले सहा मीच भरले. दहा मिनिटांत सहा जण ठणठणीत केले – कुठल्या डॉक्टरला जमलंय?

सोमवार, ४ मार्च

शेजारच्या टेबलावरचे नकाशेवाले सकाळी समोर येऊन उभे. 'बाई, तो फॉर्म – जरा बोलायचं होतं.' म्हटलं, 'अहो, तुमचा मी कधीच भरून टाकला. काही तक्रार नाही, असं लिहिलंय.' हसले. 'बरं केलंत,' म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

मंगळवार, ५ मार्च

प्रशस्तिपत्र आलं. साहेबांनी स्वतः खिळा ठोकला.

गुरुवार, ७ मार्च

नकाशेवाले गेले. काल संध्याकाळी, ऑफिसच्या जिन्यात. हार्ट अटॅक. चोपन्नच वर्षांचे होते.

त्या सहांतला एक फॉर्म त्यांचा. मी कोणाला बोललेले नाही.

मंगळवार, १२ मार्च

झोप नाही. डोळा लागला की प्रश्न सुरू – छातीत दुखतं का? नाही. धाप लागते का? नाही. प्रश्न त्यांच्या आवाजात, उत्तरं माझ्या. लेक म्हणाली, 'आई, बरं नाही का तुला?' तोंडातून आपोआप निघालं – काही तक्रार नाही.

दुपारी शेजारी कोणी खाकरल्यासारखं वाटलं. खुर्ची रिकामी. मग दिवसभर त्या बाजूला मान वळवली नाही.

शुक्रवार, १५ मार्च

वहिनी आल्या होत्या, नकाशेवाल्यांच्या पत्नी. साहेबांनी फॉर्म पुढे ठेवला – 'त्यांनी स्वतःच भरलाय बघा. आम्हाला कसं कळणार?' वहिनींनी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचला. म्हणाल्या, 'मला तर म्हणाले होते, ऑफिसात सगळं सांगतो, रजा घेतो, डॉक्टरकडे जातो. मग माझ्याशी खोटं का बोलले?'

मी तिथेच होते. चहा मागवू का, एवढंच विचारलं. शरम वाटते स्वतःची. नवरा आपल्याशी खोटं बोलून गेला, हे ओझं घेऊन ती बाई घरी गेली. माझ्यामुळे.

रविवार, १७ मार्च

ठरलं. उद्या त्यांच्या घरी जाऊन सांगायचं. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

सोमवार, १८ मार्च

सांगितलं. वहिनी ओरडल्या नाहीत. आत जाऊन एक घडी घातलेला फॉर्म घेऊन आल्या. 'काल त्यांच्या पिशवीत सापडला. दोन कसे, तेच कळत नव्हतं.'

त्यांचंच अक्षर. छातीत दुखतं का – हो, पंधरा दिवस. खाली शेवटचा प्रश्न – ऑफिसात मोकळेपणाने बोलता येईल असं कोणी आहे का?

'आहे. शेजारच्या टेबलावरच्या बाई. सोमवारी त्यांना सांगतो.'