उजव्या बाजूची काच

सेक्टर १४, चंदीगड
शनिवार, १८ नोव्हेंबर १९८९

चि. चित्रास,

अक्काचे अनेक आशीर्वाद, आणि मिनूचा एक पापा. ती शेजारी उभी राहून "मेरा भी लिखो ना" म्हणतेय. नऊ वर्षांची झाली तरी पोरगी घरात मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. तू होतीस तेव्हा जरा तरी बोलायची.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. उत्तराला आठवडा घालवला म्हणून रागावू नकोस. नानांचा खोकला कमी आहे हे वाचून बरं वाटलं. आईला म्हणावं, गुडघ्यांना तेल लावून उन्हात बस, पापड लाटायला बसू नकोस. तुझ्या कपाळावरची खूण आता कितपत दिसते? साय आणि हळद लावतेस ना?

माझं म्हणशील तर चांगलं चाललंय. डॉक्टरांनी परवा तपासलं आणि ऑपरेशनची जखम आतून-बाहेरून भरली म्हणाले. सेक्टर पंधराच्या बाजारापर्यंत चालत जाऊन भाजी घेऊन येते. तू सप्टेंबरात धावत आलीस आणि सहा आठवडे राहिलीस म्हणून मी उभी राहिले, हे मी सगळ्यांना सांगते. अंथरुणातल्या माणसाचं करायला सख्खी बहीणच लागते. शेजारच्या ग्रेवाल आंटी तर रोज कुंपणावरून विचारतात, "तेरी सिस्टर कदों आऊगी? बड़ी रौनकी कुड़ी है. हुण ते तुहाडा घर सुन्ना लगदा." तू कधी येणार, किती हसती-खेळती पोर, हेच रोजचं. मी हसते. अकरा वर्षं मी या घरात राहते, ते आंटींना आत्ताच सुनं वाटायला लागलं.

तू विचारलं आहेस की इथल्या शाळेतली शिक्षिकेची जागा घेऊ का आणि जानेवारीपासून आमच्याकडे राहू का. त्याचं उत्तर देतेच, पण आधी बाकीच्या गोष्टी.

दाजींचं पत्र आलं, त्यांनीच शाळेत शब्द टाकलाय, असं तू लिहितेस. यांनी तुला पत्र लिहिलं हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मुळात यांना पत्र लिहिता येतं हीच मला बातमी आहे. आमचा साखरपुडा झाल्यावर लग्नाला पाच महिने होते. त्या पाच महिन्यांत यांचं एक कार्ड आलं, आणि त्यात सांगलीला येणारी गाडी मिरजेला बदलावी लागते का, एवढंच विचारलं होतं. तुला किती पानांचं लिहिलं? सहज विचारते.

यांचं कॉलेज, भूगर्भशास्त्राचे दगड आणि ती शेवरोले, सगळं जागच्या जागी आहे. गाडीला उगीच नावं ठेवत नाही. जुन्या गाड्यांच्या लिलावातून ती मिनूच्या आधी या घरात आली, तेव्हा मान तिचाच मोठा. तिला पुसायला माझ्या मऊ झालेल्या सुती साड्या लागतात, नवं फडकं चालत नाही. लग्नानंतर मी किती वेळा म्हटलं, मला शिकवा चालवायला. गिअर जड आहे, तुझ्या हाताचं काम नाही, हे ठरलेलं उत्तर. मी शिकायचं म्हणणं सोडून दिलं.

तर त्या गाडीची काच बदलायचं शेवटी मनावर घेतलंय. तुला आठवतच असेल, तुम्ही दोघं मुल्लानपूरच्या मागच्या टेकड्यांत यांचे दगड आणायला गेला होतात. येताना पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि काच तडकली. आणि त्याच दिवशी तू ओढ्यात घसरून कपाळ फोडून घेतलंस. एकाच दिवशी दोन अपघात. मी तेव्हा मिनूला देवापुढे साखर ठेवायला सांगितली होती, एवढ्यावर निभावलं म्हणून.

इतके दिवस हे तशीच चालवत होते. पण आता निवडणुका तोंडावर आल्यात. नाके वाढलेत, वाळूची पोती रस्त्यात अर्ध्यापर्यंत आलीत, आणि तडकलेली काच दिसली की जवान हमखास थांबवतात. "गोली लगी है क्या?" परवा खरड गावाजवळ यांना खाली उतरवून गाडीतले सगळे दगड एकेक करून बाहेर काढायला लावले. प्रोफेसर आहे म्हटल्यावर तो म्हणाला, प्रोफेसर पत्थर काहे को ढोता है? त्याचं उत्तर मलाही आजवर मिळालेलं नाही.

काल शुक्रवारी जुनी काच काढली. समोर दोन काचा आहेत, मध्ये पट्टी. त्यातली उजवीकडची, चालवणाऱ्याच्या पुढची, गेली होती. इंडस्ट्रियल एरियात जुन्या काचेच्या मापानं नवी कापून देतात, म्हणून ती तुकडे न होऊ देता काढायची होती. हे बाहेरून रबर कापत होते आणि मी आत बसून काच धरून होते. गाडीत इतका वेळ मी कित्येक महिन्यांत बसले नव्हते. सीटच्या मागे माझी हिरवी कशिद्याची उशी सापडली. मी ती घरभर शोधली होती. हे म्हणाले, पाठीला घेतली होती. यांची पाठ कधीपासून दुखायला लागली कोण जाणे. विचारलं तर हे हातातली कात्री ठेवून पाना आणायला निघून गेले.

काचही मी पाहिली. अगदी जवळून.

आज हे नवी काच आणायला गेलेत. उद्या रविवारी आम्ही दोघं बसवणार. फाटकाचा आवाज आला, बहुतेक आलेच. उरलेलं मग लिहिते.

सोमवार, २० नोव्हेंबर

चित्रा, काच बसली. हे कॉलेजात गेलेत आणि मिनू शाळेत. आता जे लिहिते ते आईला वाचून दाखवू नकोस. शनिवारची पानं हवी तर दाखव.

काच जवळून पाहिली असं लिहिलं, ते अर्धंच लिहिलं होतं. खडा लागला असता तर काच बाहेरून फुटली असती. बाहेरून बोट फिरवलं तर लागतसुद्धा नव्हतं. आतून खरखरीत होती, आणि तिथं एक केस अडकला होता. लांब, टोकाला मेंदीनं तांबूस झालेला. माझे केस आजारपणात कापले, तूच कापलेस. मिनूचे खांद्याच्या खाली जात नाहीत.

मी तो केस काढून पदराच्या टोकात बांधला आणि यांना म्हटलं, धरा काच. शुक्रवार, शनिवार मी ते टोक घेऊन घरात फिरले. ड्रायव्हरच्या समोरच्या काचेवर तुझं डोकं कसं गेलं? तू तिथं होतीस तर हे कुठं होते? एका माणसाच्या जागेवर दोघं कशी मावतात? माझ्या मनानं मला काय काय दाखवलं ते लिहीत नाही. ते लिहायला मलाच लाज वाटते. शनिवारी तुला "खूण कितपत दिसते" विचारलं ना, ते काळजीनं विचारलेलं नव्हतं.

रविवारी दुपारी बसलो. काच बसवायची रीत अशी. काचेच्या कडेला नवं रबर चढवायचं, रबराच्या खाचेत गोल फिरवून एक दोरी घालायची, सगळ्याला साबणाचं पाणी लावायचं. मग एकानं काच बाहेरून दाबून धरायची आणि दुसऱ्यानं आत बसून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तसं रबर आपोआप पत्र्याच्या कडेवर बसत जातं. बाहेरच्याला हात काढता येत नाही. काढला की काच खाली.

हे बॉनेटवर अर्धे आडवे झाले होते, दोन्ही तळवे काचेवर. मी आत, तुझ्या जागेवर. खालची कड बसली, डावी बसली. मी थांबले.

"ओढ ना," हे म्हणाले.

"त्या दिवशी चित्रा कुठं बसली होती?"

"कुठल्या दिवशी?"

"काच गेली त्या दिवशी."

"वसू, आधी दोरी ओढ. काच सुटेल."

"सुटू दे."

तुला यांची सवय माहीत आहे. काही विचारलं की हे उठतात, चप्पल घालतात आणि गाडीपाशी जाऊन काहीतरी पुसत बसतात. लग्नापासून मी एकही प्रश्न शेवटपर्यंत विचारू शकलेले नाही. काल हे गाडीपाशीच होते आणि हलता येत नव्हतं. दोरी माझ्या हातात होती.

मग यांनी सांगितलं. तू चालवत होतीस. त्या दिवशीच नव्हे, त्याआधीही तीन-चारदा. तू बुटकी, रस्ता दिसेना, म्हणून खाली माझी उशी. मुल्लानपूरच्या अलीकडे नवा नाका लागला होता तो तुला उशिरा दिसला. शिट्टी वाजली आणि तू घाबरून ब्रेकवर उभीच राहिलीस. कपाळ काचेवर गेलं. बंदुका रोखून चौघे धावत आले. दोघांना खाली उतरवलं, हात वर.

"तिच्या भुवईवरून रक्त वाहतंय," हे सांगत होते, "आणि ही बाई हात वर करून त्याला विचारते, भाईसाब, रूमाल निकालूँ क्या? तो जवान हसायलाच लागला. बंदूक खाली केली बघ त्यानं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुझी जखम ओली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, काळजी वाटेल असं काही कानावर घालू नका. चित्राच म्हणाली, अक्काला नको सांगायला."

म्हणजे मी दोन दिवस जे चघळत होते त्यातलं काहीच नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, चित्रा. उलट आणखी जळायला लागलं. दुसऱ्या कुठल्या शब्दात ते लिहिता येत नाही.

गिअर तुझ्या हाताला जड लागला नाही, याचा जळफळाट झाला. पण ते लहान आहे. तुम्ही दोघं बंदुकीपुढे हात वर करून शेजारी शेजारी उभे राहिलात, ती भीती माझी होती. मरायचीच वेळ आली तर यांच्या शेजारी मी असणार, एवढं मी गृहीत धरलं होतं. आणि मी पडले होते पलंगावर, गाडीचा आवाज कधी येतो त्याची वाट बघत. तुम्ही आलात. तू मला मऊ भात भरवलास. हे पेपर घेऊन बसले. तुम्ही एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि मला वाटलं, बिचारी किती दमलीत. माझ्या घरात, माझ्या समोर, तुम्हा दोघांचं एक गुपित होतं आणि मला ते ऐकूही आलं नाही.

तेही मी गिळलं असतं. पण हे सांगत होते तेव्हा यांचा चेहरा काचेच्या पलीकडे माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. हातात काच, गुडघे अवघडलेले, तरी त्या रुमालापाशी आले आणि यांचा चेहरा उजळला. अकरा वर्षांत हे माझ्याविषयी बोलत असताना मी तो चेहरा पाहिलेला नाही. आईची शपथ, एकदाही नाही.

दोरीला हिसका द्यावा असं मनात आलं होतं. दिला नाही. सावकाश ओढली, वरची कड बसली, उजवी बसली. हे खाली उतरले आणि "शाबास" म्हणाले. मी म्हटलं, आता मला शिकवा चालवायला. हे म्हणाले, "तुला? आत्ता? बघू, उन्हाळ्यात बघू." तुला एकदाही "बघू" म्हटलं नसेल यांनी.

आता तुझं उत्तर.

येऊ नकोस.

कायमची जागा आहे, रजेवरच्या जागा करून तू कंटाळली आहेस, सांगलीत असं काही इतक्यात मिळणार नाही, हे सगळं मला कळतं. मी तुझं नुकसान करते आहे हेही कळतं. तू काही केलेलं नाहीस. यांनीही काही केलेलं नाही, आणि स्वतःच्या मनात काय चाललंय ते यांना अजून कळलेलं नाही. यांना ते कळायच्या आत मला थांबवायचंय. तू इथं राहिलीस तर मी रोज ताटं वाढताना तुम्हा दोघांची तोंडं निरखत बसेन. तशी बाई मला व्हायचं नाही. आणि तू गेल्यापासून हे संध्याकाळी फाटकापाशी उभे राहतात, ते कशासाठी हे मला विचारायचं नाही.

आईला, नानांना सांग की पंजाबातली परिस्थिती वाईट आहे म्हणून अक्का नको म्हणते. ते रोज रेडिओवर ऐकतातच, लगेच पटेल त्यांना. आपल्या सेक्टरात मुली अजून सायकली हाणत कॉलेजात जातात हे त्यांना सांगायची गरज नाही. यांना मी सांगणार आहे की चित्रानंच नाही म्हणून कळवलं, तिला त्या नाक्याची भीती बसली. यांना वाईट वाटेल. यांचं पत्र आलं तर तूही तेच लिही, की दाजी, मी घाबरले. जी बाई हात वर करून रुमाल मागते ती घाबरली, हे यांना पटायला जड जाईल, पण तू लिहिलंस तर पटेल.

एक गुपित तू यांच्याबरोबर ठेवलंस. आता हे एक माझ्याबरोबर ठेव.

रागावलीस तरी तुझीच,
अक्का